सुधारलेलें हत्यार

'सुधारणा' हा शब्द आपल्या भाषेंत आतां फार प्रतिष्ठित होऊन बसला आहे. १८८८ सालीं आगरकरांनीं आपल्या पत्राला 'सुधारक' असें नांव दिलें तेव्हां तो शब्द भांडणाचा होता. आज त्याच्याशीं कोणी भांडत नाहीं. बियाणें सुधारलें, रस्ता सुधारला, मुलाचें अक्षर सुधारलें असें कोणी म्हटलें कीं ऐकणारा मान डोलावतो. कशाकरितां सुधारलें, हें विचारण्याची त्याला गरज वाटत नाहीं. परंतु हाच शब्द एखाद्या शस्त्राला लावून पाहावा. 'मीं माझी बंदूक सुधारली' असें कोणी सांगितलें, तर मान डोलावण्यापूर्वीं आपण क्षणभर थबकतों. बंदूक सुधारली म्हणजे नेमकें काय झालें? ती अधिक सुबक झाली, अधिक अचूक झाली, कीं अधिक लवकर मारूं लागली? आणि ज्यानें तिच्यावर इतके श्रम केले त्याच्याविषयीं आपलें मत चांगलें व्हावें कीं वाईट? ह्या थबकण्याचें कारण शोधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न मोघम ठेवला कीं उत्तरही मोघमच येतें; म्हणून एकच शस्त्र समोर ठेवून बोलणें बरें. मीं निवडलेलें शस्त्र अमेरिकेतलें आहे. चापाच्या खालच्या अंगास कडीसारखी एक लिव्हर असलेली, आणि रायफल असूनही पिस्तुलाचें काडतूस घेणारी अशी ही बंदूक आहे. जुन्या अमेरिकेच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांतून घोडेस्वाराच्या हातांत ती पुष्कळांनीं पाहिली असेल. बोटें कडींत घालून ती खालीं ढकलावयाची आणि पुन्हां वर ओढावयाची. एवढ्या एका हेलकाव्यांत उडालेल्या काडतुसाचें रिकामें टरफल बाहेर फेंकलें जातें, घोडा मागें जाऊन अडकतो, नळीखालच्या लांब नळकांड्यांतलें नवें काडतूस वर उचललें जातें आणि नळीच्या मागच्या तोंडांत जाऊन बसतें. मग फक्त चाप ओढावयाचा उरतो. ह्या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनीं थोडें लक्ष असूं द्यावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

हिची वंशावळ थोडक्यांत सांगतां येते. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथें बेंजामिन टायलर हेन्री ह्या कारागिरानें १८६० सालीं ह्या जातीची पहिली यशस्वी रायफल काढली. कारखान्याचा धनी ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. बंदुकीचें ज्ञान त्याला फारसें नव्हतें, परंतु गिऱ्हाइकाला काय हवें असतें हें तो जाणत होता. १८६६ सालीं काडतुसें भरण्याचें दार बाजूस आलें, आणि १८७३ सालीं ती प्रसिद्ध लोखंडी रायफल बाजारांत आली, जिचे ७,२०,००० हून अधिक नग पुढच्या पन्नास वर्षांत तयार झाले. तिचें मुख्य काडतूस '.४४-४०' ह्या नांवानें ओळखलें जातें: नांवापुरती ०.४४ इंच व्यासाची गोळी, आणि तिच्यामागें ४० ग्रेन काळी दारू. पांचएक वर्षांत कोल्ट कंपनीनें आपलें फिरत्या चक्राचें पिस्तूलही ह्याच काडतुसाकरितां तयार केलें, आणि तेव्हां ह्या जोडीचा खरा गुण लोकांस उमगला. ज्याला बाजारपेठेपासून दिवसांच्या मजलीवर राहावयाचें, त्याच्या कमरेच्या एकाच पट्ट्यांतून दोन्ही शस्त्रांना खाद्य मिळूं लागलें. १८९२ सालीं यूटाच्या जॉन ब्राउनिंगनें आंतली रचना बदलून ती अधिक हलकी आणि अधिक बळकट केली. मार्लिन कंपनीची तशीच रायफल १८९४ ची. न्यू हेवनचा कारखाना २००६ सालीं बंद पडला, तरी त्या आराखड्यांच्या बंदुका आज इटली, ब्राझील आणि जपान ह्या देशांत तयार होतात आणि मुख्यतः अमेरिकेंतच खपतात.

आज त्यांत जीं काडतुसें बहुधा वापरतात त्यांपैकीं '.३५७ मॅग्नम' हें १९३५ सालचें आणि '.४४ मॅग्नम' हें १९५५ सालचें. दोन्ही पिस्तुलाकरितांच जन्मलेलीं. पिस्तुलाच्या आंखूड नळींतून '.३५७' ची गोळी सेकंदास सुमारें १,२५० फूट वेगानें निघते. तीच गोळी, तीच दारू, परंतु रायफलच्या लांब नळींत दारूच्या वाफेला ढकलावयास अधिक वाट मिळते, आणि वेग १,८०० फुटांच्या आसपास जातो. तरीसुद्धां खऱ्या रायफलच्या काडतुसापुढें हें काडतूस दुबळेंच. हरणाएवढ्या जनावरावर शंभर यार्डांच्या फार पलीकडे त्याचा भरंवसा धरूं नये असें जाणते शिकारी सांगतात. म्हणजे ही रायफल जो मुद्दाम घेतो तो अधिक शक्तीची रायफल बाजारांत त्याच किंमतींत मिळत असतां कमी शक्तीची पसंत करतो. हा भाग मला विशेष विचार करण्यासारखा वाटतो.

आतां सुधारणेकडे वळूं. ह्यांपैकीं स्वस्त बंदुका कारखान्यांतून येतात त्या खरबरीत असतात. आंतल्या भागांवर हत्यारांच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात. लिव्हर ओढतांना मध्येंच अडखळते. स्प्रिंगा गरजेहून ताठ असतात. नळकांड्यांत काडतुसें पुढें ढकलणारा तुकडा प्लॅस्टिकचा असतो. मालक घरीं बसून ती उघडतो. जे दोन भाग एकमेकांवर घांसतात तेवढेच बारीक दगडानें व तेलानें घोटतो, स्प्रिंगा बदलतो, पोलादी तुकडा बसवतो, नेम धरण्याच्या खुणा डोळ्याला सोसतील अशा करतो. माझे एक मामेभाऊ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों, तीस वर्षांपूर्वीं टेक्सासमध्यें स्थायिक झाले. व्यवसायानें यंत्रशास्त्रज्ञ, वृत्तीनें अबोल. त्यांनीं अशी एक ब्राझीलची रायफल घेऊन एक अख्खा हिवाळा तिच्यावर घालवला. किती घांसावें ह्यापेक्षां कोठें घांसूं नये हें कळण्यालाच फार दिवस लागले, असें त्यांनीं मला कळवलें होतें. आणि पुढें एक वाक्य होतें: 'इतके दिवस ती दुकानाची होती, आतां माझी झाली.'

हें वाक्य मला आवडलें आणि खटकलेंही. आवडण्याचें कारण उघड आहे. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हां एक हलका हात देतो, सुताचा धागा सरकवतो, आणि शेवटीं तो नाद उमटतो कीं जो लांकडांत आधींपासूनच दडलेला होता असें ऐकणाऱ्याला वाटावें. अण्णांच्या कामाची जात तीच. जिन्नस फेंकून नवा आणण्याच्या आजच्या काळांत एकच जिन्नस घेऊन, त्याचा स्वभाव ओळखून, त्याच्यावर धीरानें मेहनत करणारा मनुष्य मला आदरणीय वाटतो. ह्या छंदाचे कैवारी म्हणतात तें एवढेंच: श्रमाला श्रम म्हणून पाहा, ज्यावर श्रम झाले तो जिन्नस कोणता, हा प्रश्न वेगळा ठेवा.

आपली भाषाही प्रथमदर्शनीं ह्या कैवाऱ्यांच्याच बाजूची आहे. सुताराचा रंधा आणि शिपायाची तलवार ह्या दोहोंना आपण 'हत्यार' हा एकच शब्द लावतों, आणि खंडेनवमीला ह्या दोहोंवर एकाच हातानें हळद-कुंकू वाहतों. परंतु एका शब्दानें दोन वस्तू एक होत नाहींत. रंध्यानें किंवा कुऱ्हाडीनेंही मनुष्य मारतां येतो हें खरें. तो त्या हत्याराचा दुरुपयोग होय. बंदुकीनें जीव घेणें हा तिचा दुरुपयोग असेल, नसेल. परंतु तें तिचें पूर्णत्व आहे, तिचा प्रत्येक भाग त्या एका कामाकडे तोंड करून बसलेला आहे, हें नाकारतां येणार नाहीं. इतिहासही तेंच सांगतो. जून १८७६ मध्यें लिटल बिगहॉर्न नदीकांठीं अमेरिकन घोडदळाच्या हातांत एकेक काडतूस भरण्याच्या बंदुका होत्या, आणि त्यांच्याशीं लढणाऱ्या लकोटा व शायेन लोकांपैकीं पुष्कळांजवळ हेन्री व विंचेस्टर होत्या. १९८४-८५ मध्यें त्या मैदानाचें उत्खनन झालें तेव्हां त्यांचीं टरफलें मातींतून निघालीं. पुढच्याच वर्षीं प्लेव्हना येथें तुर्कांनीं ह्याच जातीच्या बंदुकांनीं रशियन पलटणींचे हल्ले मागें फिरवले. ज्यानें त्या घडवल्या त्याला दोहोंपैकीं कोणत्याच लढाईची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. बंदुकीला ती लागत नाहीं.

तेव्हां 'मी तर फक्त लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतों' ह्या उत्तरानें माझें समाधान होत नाहीं. उत्तर प्रामाणिक असतें. परंतु तें मालकाविषयीं झालें, बंदुकीविषयीं नव्हे.

खटकलें तें त्या वाक्यांतलें 'माझी'. जॉन लॉकनें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यविषयक ग्रंथांत असा सिद्धान्त मांडला कीं, सर्वांच्या सामाईक निसर्गांतून मनुष्य जें उचलतो त्यांत त्याचे श्रम मिसळले म्हणजे तें त्याचें होतें. अण्णांच्या मनांत लॉक असण्याचा संभव नाहीं, परंतु भावना तीच होती: पैसे देऊन वस्तू हातांत येते, श्रम करून ती आपली होते. शेताविषयीं किंवा टेबलाविषयीं हें पुरेसें आहे. शस्त्राच्या बाबतींत मात्र ह्या सिद्धान्ताची दुसरी बाजू उघडी पडते. श्रमानें जसा हक्क येतो तशी जबाबदारीही येते, आणि शस्त्राच्या ठिकाणीं हक्काहून जबाबदारीचें वजन अधिक भरतें.

हें कोरडें विधान वाटूं नये म्हणून चापाचेंच पाहा. घोडा मागें गेला कीं त्याच्या खांचेंत चापाची एक बारीक कड अडकते. चाप ओढणें म्हणजे ती कड खांचेंतून सोडवणें. ह्यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. कारखान्यांतून आलेल्या बंदुकीची ही कड बोजड असते, चाप जड लागतो, आणि ओढतांना नेम हलतो. तेव्हां मालक ती कड घोटतो. थोडी घोटली तर चाप काचेवरून सरकल्यासारखा सुटतो, आणि नवशिक्याचाही नेम सुधारतो. त्याहून केसभर अधिक घोटली, किंवा कोन किंचित् बदलला, तर दस्ता जमिनीवर आपटतांच घोडा आपोआप पडेल अशी ती बंदूक होते. बाहेरून पाहणाराला दोन्ही बंदुका सारख्याच दिसतील. पहिलीची चाल तर दुसरीहून किंचित् कमी गुळगुळीतच भासेल. विकत आणलेल्या बंदुकीनें अपघात झाला तर मालकाला कारखान्याकडे बोट दाखवतां येतें. ज्यानें ती कड आपल्या हातांनीं घोटली त्याला बोट दाखवावयास दिशाच उरत नाहीं. 'माझी झाली' ह्या शब्दांचा हा अर्थ अण्णांना अभिप्रेत होता कीं नाहीं, हें मीं त्यांना त्यावेळीं विचारलें नाहीं.

ह्याच 'माझी' चा तिसराही एक अर्थ आहे, तो आपल्या महाभारतानें सांगून ठेवला आहे. कर्णपर्वांत जखमांनीं त्रासलेला युधिष्ठिर अर्जुनाला म्हणतो कीं, तुझें गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुन तलवार उपसून वडील भावावर धांवतो, कारण असें बोलणाराला मारण्याची त्याची प्रतिज्ञा असते. कृष्ण आड आला म्हणून बरें. मालकानें शस्त्रावर सत्ता चालवावयाची त्याऐवजीं शस्त्रच मालकाच्या मानापमानाचा ठेका घेऊन बसतें, ही अवस्था आजच्या अमेरिकेंतही दुर्मिळ नाहीं. तेथें १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरवलें; तेव्हांपासून ह्या विषयावरचें प्रत्येक संभाषण हक्काच्याच भाषेंत चालतें. आपल्याकडे उलट स्थिति आहे. १८७८ च्या कायद्यानें परकी सरकारनें हिंदी माणसाला परवान्याखेरीज शस्त्र ठेवण्याची बंदी केली आणि युरोपियनांना त्यांतून वगळलें, हा अपमान त्या पिढीला फार झोंबला होता. स्वराज्यानें १९५९ सालीं नवा कायदा केला, वर्णभेद गेला, परवाना राहिला. २०१९ पासून एका परवानेदाराला दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. हक्काची भाषा काय किंवा परवान्याची भाषा काय, शस्त्र घरीं आल्यानंतर मालकानें रोज त्याच्याशीं कसें वागावें, ह्याविषयीं दोन्ही मुक्याच आहेत. कायद्यानें त्यापुढें जावें असें मी म्हणत नाहीं. तेथून पुढें प्रश्न नीतीचा आहे, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां वर ज्या वाक्याकडे लक्ष असूं द्या म्हटलें होतें त्याकडे येतों. लिव्हरचा हेलकावा पुरा झाला कीं फक्त चाप उरतो. बंदूक तयार असणें आणि बंदूक उडणें ह्यांच्यामध्यें बोटाएवढी एक जागा आहे, आणि ती जागा मनुष्याच्या इच्छेची आहे. तेथें तो थांबूं शकतो, समोर खरोखर कोण आहे हें पुन्हां पाहूं शकतो, घोडा सांवकाश खालीं उतरवूं शकतो. बंदुकीच्या ज्या ज्या सुधारणा म्हणून सांगितल्या जातात त्यांना ही कसोटी लावून पाहावी, असें मला वाटतें: ती सुधारणा ह्या जागेचें काय करते?

पुष्कळ सुधारणा तिला हातही लावीत नाहींत. खरखर घालवली, नेमाची खूण स्पष्ट केली, दस्ता खांद्याला बसेलसा केला, तर त्या जागेंत उभा राहणारा मनुष्य अधिक शांतपणें उभा राहतो. स्वतः विंचेस्टर कंपनीनें १८७३ च्या रायफलीसंबंधीं एक चाल काढली होती. तयार झालेल्या नळ्या झाडून पाहतांना जी असाधारण अचूक निघे ती वेगळी काढावयाची, तिच्यावर 'हजारांत एक' असें कोरावयाचें, आणि ती रायफल शंभर डॉलरांस विकावयाची. अशा फार थोड्या निघाल्या. ही सुधारणा म्हणावी तर कोणीच कांहीं सुधारलें नव्हतें. जें चांगलें घडून गेलें होतें तें फक्त ओळखलें होतें. मला ह्या व्यवहारांत एक प्रकारचा विनय दिसतो. ती कंपनी विनयशील होती असें मात्र कोणी समजूं नये. शंभर डॉलर ही त्या काळीं मोठी रक्कम होती.

दुसऱ्या टोकाचें उदाहरण नाट्यसृष्टींतलें आहे. १९५८ ते १९६३ पर्यंत अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर 'दि रायफलमन' नांवाची मालिका चालली. चक कॉनर्सनें रंगवलेल्या नायकाजवळ १८९२ ची रायफल असे. (कथा त्याच्या आधींच्या दशकांतली, ही गंमत सोडून देऊं.) तिच्या कडींत एक स्क्रू असा बसवला होता कीं लिव्हर वर येतांच तो स्क्रूच चापावर आपटे. बोटाचें काम संपलें. लिव्हर जितक्या वेळां हालेल तितक्या वेळां बंदूक उडेल, आणि नायक डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों गोळ्यांची माळ सोडी. यंत्र म्हणून पाहिलें तर युक्ति सुंदर आहे, एका हालचालींत पांचवें काम साधलें. परंतु जी जागा इच्छेची होती ती ह्या स्क्रूनें भरून काढली. ह्यापुढें माणसानें ठरवावयाचें तें बंदूक भरण्यापूर्वींच ठरवावयाचें. भरल्यानंतर त्याला मत राहत नाहीं. खोट्या काडतुसांच्या नाटकांत हें शोभलें. लहान मुलांना तें किती आवडलें असेल, हें सांगावयास नको.

ह्या दोन टोकांच्या मध्यें खेळाडू आहेत. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांत जुन्या बंदुकांच्या नेमबाजीची एक संस्था निघाली. तिच्या सामन्यांत जुना पोशाख करून, दोन पिस्तुलें, एक छऱ्याची बंदूक आणि एक ही पिस्तुली काडतुसाची रायफल, अशा सामग्रीनें लोखंडी पत्रे घड्याळ लावून पाडावयाचे असतात. जेथें घड्याळ आलें तेथें सुधारणेला निराळें वळण लागतें. १८७३ च्या रायफलींत गुडघ्यासारखे दुमडणारे सांधे आहेत. त्यांचीं टोकें थोडीं सरकवलीं तर लिव्हरला पूर्वींइतकें खालीं जावें लागत नाहीं. निष्णात खेळाडू अशा रायफलीनें दहा गोळ्या तीन-चार सेकंदांत झाडतो. येथें ती जागा नाहींशी झालेली नाहीं, आक्रसली आहे. ह्या लोकांना दोष द्यावा असें मला वाटत नाहीं: त्यांचे पत्रे जवळ असतात, गोळ्या शिशाच्या आणि मंद असतात, आणि मैदानावरची शिस्त कडक असते. थांबण्याची जी जागा त्यांनीं बंदुकींतून कमी केली ती त्यांनीं मैदानाच्या नियमांत भरून दिली आहे, असें म्हणतां येईल. तीच रायफल मैदानाबाहेर, अंधारांत, घाबरलेल्या माणसाच्या हातीं दिली तर तिच्याबरोबर ते नियम जात नाहींत.

आणखी एक सुधारणा आहे, ती काडतुसाची. हे लोक काडतुसें घरीं भरतात. पुन्हां पुन्हां तेंच टरफल वापरतां येत असल्यामुळें खर्च कमी पडतो. आणि जो घरीं भरतो त्याला कधीं तरी दारू चिमूटभर अधिक घालण्याचा मोह होतोच. वर म्हटलेले १८७३ चे सांधे मंद काडतुसाकरितां होते. ब्राउनिंगच्या १८९२ च्या बळकट रायफलीकरितां पुढें त्याच '.४४-४०' चीं अधिक जोराचीं काडतुसें निघालीं, आणि तीं जुन्या रायफलींत घालणें धोक्याचें ठरलें. कारण बाहेरून माप एकच, आणि बंदूक कोणतेंच नाकारीत नाहीं. मर्यादा होती, परंतु ती मालकाच्या स्मरणावर सोपवलेली होती. ह्याच्या उलट '.३५७' चें. तें '.३८ स्पेशल' ह्या जुन्या काडतुसापासून काढलें, तेव्हां त्याचें टरफल सुमारें एक-अष्टमांश इंच मुद्दाम लांब केलें, अशासाठीं कीं जुन्या दुबळ्या पिस्तुलांत तें शिरूंच नये. ज्यानें हा अष्टमांश इंच वाढवला त्याला माणसाचा विसराळूपणा आणि हांव ह्या दोहोंची ओळख होती, आणि त्यानें उपदेश न करतां पितळ थोडें लांब कापलें. नळकांड्यांत एकामागें एक बसणाऱ्या काडतुसांच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या ठेवतात तेंही असेंच. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली तर तें आंतल्या आंत पेटूं शकतें.

मर्यादेचा हा विचार कायद्याच्या बाबतींतही डोकावतो. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथें १९९६ सालीं एकानें पिस्तुलांनीं शाळेंतलीं सोळा मुलें व त्यांची शिक्षिका मारलीं. त्यानंतर ग्रेट ब्रिटनमध्यें १९९७ च्या कायद्यांनीं जवळजवळ सर्व पिस्तुलें बंद झालीं. तेव्हां तेथील पिस्तुलाचे नेमबाज ह्या लिव्हरच्या रायफलीकडे वळले आणि तींच काडतुसें वापरूं लागले. उपहास करणारा म्हणेल कीं, मग बंदी कशाची झाली? काडतूस तर राहिलें, वर नळी लांब होऊन तें अधिक जोरानें जाऊं लागलें. परंतु ही रायफल खिशांत लपवून कोणाला शाळेंत नेतां येत नाहीं. तिचा ओबडधोबड लांबपणा ही एक मर्यादाच आहे, आणि सुधारणेच्या भरांत नळी व दस्ता कापून तिला आंखूड करणारा मनुष्य नेमकी तीच मर्यादा कापीत असतो.

हें सर्व लिहितांना एक शंका मला सोडीत नाहीं. समजा, अण्णांसारख्या माणसानें प्रत्येक गोष्ट विचारानें केली. कड घोटली ती बेतानें, दारू घातली ती मापानें. त्याच्या संयमानें ती बंदूक सुरक्षित राहिली. परंतु बंदूक माणसाहून अधिक टिकते. १८७३ च्या कित्येक रायफली आज पांचव्या-सहाव्या हातांत आहेत. मालक गेल्यावर वारसाला मिळतो तो गुळगुळीतपणा. तो कोठें थांबवला होता आणि कां थांबवला होता हें ज्ञान मिळत नाहीं. सुधारणा लोखंडांत राहते, संयम माणसाबरोबर जातो. मग जितकी सुधारणा अधिक तितका वारसाला धोका अधिक, असें तर होत नाहीं ना? तंबोऱ्याच्या जवारीसंबंधीं हा प्रश्न उठत नाहीं; ती उतरली तर फार तर मैफल बिघडेल.

ही शंका मीं गेल्या वर्षीं अण्णांना कळवली. त्यांचें वय आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहे, आणि मुलाला ह्या छंदाची आवड नाहीं. त्यांचें उत्तर नेहमींप्रमाणें आंखूड आलें. रायफलच्या पेटींत त्यांनीं एक कागद ठेवला आहे. कोणता भाग किती घोटला, कोणत्या स्प्रिंगा बदलल्या, कोणत्या वजनाची गोळी व किती दारू चालेल, हें त्यावर लिहिलें आहे. त्याखालीं, मुलाला उद्देशून, ठेवायची नसेल तर कोणाकडे नेऊन सोपवावी हेंही लिहिलें आहे. आणि हल्लीं हात थरथरतो म्हणून चापाची कारखान्याची जुनी जड स्प्रिंग, जी त्यांनीं इतकीं वर्षें एका डबींत जपून ठेवली होती, ती त्यांनीं पुन्हां बसवली आहे.